जिंतूरच्या माळावरचं सहावं ग्रीन

परभणी जिल्ह्यात गोल्फचं मैदान आखायला चालले आहे असं सांगितल्यावर पुण्यात ज्याने त्याने मला एकच शब्द ऐकवला, "तिथे?" त्या एका शब्दात जे काही भरलेलं असायचं, त्याने माझं डोकं फिरायचं. आता जाऊन आले आहे, तेव्हा सविस्तरच सांगते. ज्यांनी जिंतूरकडचा माळ पाहिलेला नाही त्यांनी निवांत बसून वाचावं. मला मात्र अजून हे सांगताना एका जागी बसवत नाही.

आधी माझा धंदा सांगायला हवा. गोल्फची मैदानं आखून देणाऱ्या एका लहानशा कचेरीत मी सोळा वर्षं नकाशे काढते आहे. काढते असं आपलं म्हणायचं, खरं म्हणजे चिकटवते. या खेळात चेंडू मारत मारत शेवटी बारीक कापलेल्या हिरवळीवर आणायचा आणि तिथल्या भोकात घालायचा असतो. त्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. नऊ भोकांचं मैदान असेल तर नऊ ग्रीन. आमच्या कॉम्प्युटरमध्ये ग्रीनचे आकार तयार ठेवलेले आहेत. एक काजूसारखा, एक चपलेच्या तळव्यासारखा, आणि सगळ्यांचं लाडकं म्हणजे तळ्यातल्या बेटावरचं ग्रीन. जगात कुणीतरी ते पहिल्यांदा केलं असेल तेव्हा लोक थक्क झाले असतील. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हवंच असतं. जागा कोकणातली असो की नागपूरकडची, मी तळं उचलून आणते, मध्ये बेट ठेवते आणि वरचं नाव बदलते. माझे दोन नकाशे शेजारी ठेवले तर कोणता कुठला हे मलाच सांगता येत नाही.

या खेपेला मात्र सरांनी, म्हणजे आमच्या कचेरीच्या मालकांनी, सांगितलं होतं की हे काम तुझं आणि नकाशावर नावही तुझं. अट एवढीच, की दहा दिवसांत जागेच्या मालकाची पसंती घेऊन यायची. ते नाही म्हणाले तर आपला नेहमीचा नकाशा पाठवून मोकळं व्हायचं. सोळा वर्षांनी एकदाचं नाव लागणार होतं. ते चिकटवलेल्या कामाला लागलं असतं तर मला फार वाईट वाटलं असतं, हे इथेच सांगून टाकते.

देवगाव फाटा

जालन्याहून धरलेल्या एसटीने मला देवगाव फाट्यावर उतरवलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. फाटा म्हणजे फाटाच. चार दिशांना रस्ते, कोपऱ्यावर हॉटेलं, कढईत मिरचीभजी आणि बाकावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याचा अंदाज घेणारी माणसं. माझ्या पाठीवरची तिपाई आणि मोजणीचं यंत्र बघून एकाने विचारलं, "रस्त्याचं काम हाय का, ताई?" मी म्हटलं, खेळाचं आहे. त्याने मान हलवली आणि माझ्यासाठी बाकावर जागा केली.

जागेचे मालक किशनराव गाडी घेऊन आले. पासष्टीचे, पांढरा पायजमा-सदरा आणि पायात झगझगीत केशरी बूट. पूर्वी त्यांचं कापसाचं जिनिंग होतं, ते पुतण्यावर सोपवून ते परदेशातल्या आपल्या मुलीकडे सहा महिने राहून आले. तिथे जावयाने गोल्फ शिकवला आणि किशनराव त्या खेळाच्या नादी लागले. गावी साठ एकर माळ नुसताच पडलेला. गाडी जिंतूरच्या रस्त्याला लागायच्या आत त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

"मॅडम, हे बगा. असंच पायजे आपल्याला. सेम टू सेम."

मोबाइलवर तळं होतं. तळ्यात बेट, बेटावर झेंडा. मी डोळे मिटून घेतले.

"पुलाचा कठडाबी हाच," ते म्हणाले.

"किशनराव, एवढं पाणी कुठून आणायचं?"

"बोअर हाय की." मग जरा थांबून, "मे महिन्यात उलीसं कमी असतं. पण तुमी फिकीर करू नका."

घरी त्यांच्या पत्नीने, ज्यांना सगळे काकू म्हणतात, ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि असा ठेचा वाढला की माझ्या कानातून वाफ निघाली. आमच्याकडे पुण्यात "अजून घेणार का?" असं विचारतात आणि विचारतानाच आवाजात "नको" ऐकायची तयारी असते. काकूंनी विचारलंच नाही. मी पाणी प्यायला मान वळवली की ताटात भाकरी वाढलेली असायची. तिसऱ्या भाकरीला मी ताटावर हात आडवा धरला, तर त्या म्हणाल्या, "माळावर हिंडायचंय ना तुमाला? जेवल्याबिगर पाय उचलत न्हाईत."

माळावर

आणि मग माळ. नोव्हेंबरातला. खाली काळ्या रानात कापूस फुटलेला, वेचणीच्या बाया ओळीने वाकलेल्या, आणि वर चढून गेलं की एकदम मुरमाड, मोकळं, लाटांसारखं उठत-बसत गेलेलं रान. पोटरीएवढं गवत पिवळं पडून वाऱ्याबरोबर झुकत होतं. मध्येच हिवराचं झाड, मध्येच धोंड्यांची रास. मी अशा जागेसाठी सोळा वर्षं तरसले होते. बहुतेक गिऱ्हाइकं जमीन दाखवण्याआधीच बुलडोझर फिरवून ठेवतात. इथे कुणी हात लावला नव्हता. मी अक्षरशः पळत सुटले आणि किशनराव मागून "सराटे हायेत, सराटे हायेत" म्हणत राहिले. व्हायचं ते झालंच. संध्याकाळी काकूंनी माझ्या तळव्यातून चार काटे काढले.

एक गोष्ट तेव्हाच दिसली होती. पिवळ्या गवतात मधूनमधून गडद हिरवे तुकडे होते, अंगणाएवढे, दाट आणि मऊ. मी विचारलं तर किशनराव म्हणाले, "मागच्या साली मेंढरं बसलेली जागा हाय ती." मी वहीत टिपलं आणि विसरून गेले. माणूस किती आंधळा असू शकतो याचा हा पुरावा म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी मी आखणी केली. पुण्याहून निघण्याआधी महिनाभर मी नवीन आकार काढायचा प्रयत्न केला होता. नवं म्हणून जे काढावं त्याचा शेवटी काजू होत होता. हाताला एक वळण लागलं की ते सुटत नाही. मग सहा आकार नेहमीचे आणि तीन उगाच वेडेवाकडे ओढलेले, असे नऊ घेऊन मी माळावर उतरले आणि खो-खोच्या मैदानावर मारतात त्या पांढऱ्या फक्कीने एकेक आकार जमिनीवर उतरवला. बेटाचं ग्रीन सातवं, म्हणून तळ्याची रेघ माळाच्या उंचवट्यावर आली. उंचवट्यावर तळं. नकाशात सातव्याची जागा तिथेच येत होती, त्याला मी काय करणार?

त्याच संध्याकाळी लॅपटॉपचा चार्जर जळाला. दुसऱ्या दिवशी एसटीने परभणी गाठली. दुकानदार अतिशय सज्जन माणूस. "कल हो जाता मॅडम, फिकीर नक्को," म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेवढ्याच प्रेमाने "कल हो जाता." मी लॉजवर राहिले, सकाळी सुशीला खाल्लं, म्हणजे चुरमुऱ्यांचा झणझणीत उपमा, आणि आपण पुणेकर पोह्यांचं उगाच कौतुक करतो असं माझं मत झालं. किशनराव काकूंना घेऊन भाच्याच्या लग्नाला गेलेले. चार्जर हातात पडेपर्यंत तीन मुक्काम असे गेले. त्या तीन रात्रींत माळावर काय चाललं होतं याची मला कल्पना नव्हती.

फक्की मारली की

परत आले ती चौथ्या दिवशीच्या सकाळी, थेट माळावर. पहिल्या ग्रीनजवळ पोचले आणि थबकले. माझी रेघ अर्धी पुसलेली. आत लेंड्यांचा थर. जमीन तुडवून काळी पडलेली. पुढे दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. नऊच्या नऊ जागांवर मेंढरं बसून गेली होती.

तिकडे हिवराखाली एक बाई तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवत होत्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, हातात काठी. शेजारी सुताची मोठी जाळी गुंडाळून ठेवलेली. मेंढरं त्या जाळीत रात्रभर कोंडतात, तिला वाघर म्हणतात. मी तावातावाने गेले.

"तुम्ही माझं सगळं काम पुसून टाकलंत."

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आमी कामून पुसावं, बाई? फक्की तुमीच मारली ना?"

"हो."

"मंग? फक्की मारली की तितं मेंढरं बसवायची. रिवाजच हाय तसा. किशनमामा दर साली मारतेत. फोनवर मनले, माळावर या. आमी आलाव, बघितलं तर नऊ ठिकाणी फक्की. मनलं, औंदा मामाला लय गवत पायजे दिसतंय."

त्यांचं नाव गयाबाई. त्यांचा आणि दोन दिरांचा मिळून तीन कळप, तीन वाघरा. तीन रात्रींत त्यांनी माझ्या नऊ ग्रीनवर इमानदारीने मेंढरं बसवली होती. चुकलं कुणाचं, हे ठरवायचं मी सोडून दिलं. मग चहा घेतला. शेळीच्या दुधाचा, गुळाचा. राग उतरवायला तो पुरेसा होता.

"पण रेघेच्या आत तरी बसवायची," मी कुरकुरले. "सगळी रेघेबाहेर गेली आहेत."

"रेघ चुकीची हाय," गयाबाई सहज म्हणाल्या, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा.

"चुकीची म्हणजे?"

"चला, दावते."

आणि त्यांनी मला एकेक ठिकाणी नेलं. पहिल्या ठिकाणी माझा काजू उताराला आडवा होता. त्यांनी वाघर उताराच्या कलाने लांबट लावली होती, कारण आडवं बसवलं की वरच्या मेंढराचं मूत खालच्याच्या अंगाखाली जातं. दुसऱ्या ठिकाणी त्या चार पावलं वर सरकल्या होत्या. "तुमच्या रेघेत पाणी मुरतंय. मेंढराचे खूर कुजतेत." चौथ्यात धोंड्यांची रास मधोमध येत होती. मी ती काढून टाकायचं ठरवलं होतं. त्यांनी जाळी राशीला टेकवून कोयत्यासारखी वळवली होती, तेवढ्याच खुंट्या वाचल्या आणि वाराही अडला. मी जिथे तळं आखलं होतं त्या उंचवट्यावर त्या हसल्याच. "इतं तळं? पाणी तर समदं तिकडं त्या खोलगट्यात जायलंय. तुमाला इतं बसून पाण्याची वाट बघायचीय का?"

माझ्या धंद्यातल्या माणसाला ग्रीन आखताना जे जे बघायला हवं, म्हणजे पाणी कुठे जातं, वारा कुठून येतो, उतार कुणाच्या बाजूचा आहे, ते सगळं या बाईंनी जाळी ठोकताना बघितलं होतं. एकही आकार दुसऱ्यासारखा नव्हता. वेगळं काढायचं म्हणून त्यांनी एकही वेगळा काढलेला नव्हता.

मग आम्ही सहाव्यापाशी आलो.

सहावं लांबट गोल होतं आणि त्याला डाव्या अंगाला एक कप्पा फुटलेला. आत जायला तीन पावलांची वाट, एका बाजूला मोठा धोंडा, मागे हिवराचं झाड. मी एकदम जमिनीवर बसले. लेंड्यांत. या कप्प्यात झेंडा लावला तर? सरळ मारणाऱ्याचा चेंडू धोंड्याला लागून परतणार. ज्याच्यात हिंमत आहे त्याने हिवराकडून वळवून आणावा, ज्याच्यात नाही त्याने मोठ्या भागात सुखरूप उतरावं. असा कप्पा सोळा वर्षांत मला सुचला नव्हता.

"गयाबाई, हे असं का केलं?"

"एक मेंढी व्यायला झालती. समद्यात ठिवली तर पिलू तुडवतेत. मनून तिला उलीसा आडोसा केला." त्यांनी काठीने दाखवलं. झाडाखाली ओलसर अंगाचं कोकरू चार पायांवर उभं राहायची खटपट करत होतं.

मला रडू आलं. का, ते सांगता येणार नाही. मी मोजणीचं यंत्र काढलं आणि उन्हातान्हात नऊही आकारांच्या कडेकडेने चालले, खुंट्यांच्या प्रत्येक भोकाशी थांबून. गयाबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, हरवलंय काय तुमचं?"

एक लोभ मात्र झालाच. मला सहावं वाघरीसकट, मेंढरांसकट बघायचं होतं, फोटोत. "आज रात्री इथेच परत बसवता का? अगदी तशीच. मी पहाटे येते."

गयाबाईंनी मान हलवली. "एका जाग्यावर दुसऱ्यांदा न्हाई बसवत. जिमीन जळती. मेंढराला बी त्यो वास सोसत न्हाई."

"बरं, मग शेजारी बसवा. पण तो आडोसा तसाच करा."

"आता कशाला?" त्यांना माझा प्रश्नच कळेना. "ती मेंढी व्याली की."

किशनरावांचा दिवस

आता खरी परीक्षा होती. लग्नाहून परतलेल्या किशनरावांना मी दुसऱ्या दिवशी माळावर नेलं. हातात नवा नकाशा, त्यात तळं नाही, बेट नाही, पुलाचा कठडा नाही. त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

"मॅडम, माझं बेट कुठं गेलं?"

मी पाण्याचं सांगितलं, उताराचं सांगितलं. ते ऐकत होते, पण चेहरा पडत चालला होता. "जावयाला सांगून बसलोय मी, हुबेहूब करायलोय मनून. त्यो फोटो मागंल." मग जरा कठोरपणे, "मोकळ्या माळाला पाहुणे कामून येतील? तुमच्या साहेबांना फोन लावा. त्यांच्याकडं तयार नकाशा हाय मनले होते."

मी फोन हातात घेतला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो परत पिशवीत टाकला. सहाव्याच्या कप्प्यात जाऊन बांबू रोवला, त्याला त्यांचीच गळ्यातली लाल दस्ती काढून बांधली आणि म्हटलं, "लावते फोन. आधी एक चेंडू मारून दाखवा. ऐंशी पावलांवरून. या कप्प्यात."

"त्यात काय अवघड?" म्हणत त्यांनी गाडीतून गोल्फच्या काठ्या आणि चेंडूंची पिशवी काढली.

पहिला चेंडू धोंड्याला लागून उडाला. दुसरा मोठ्या भागात पडून लेंड्यांत रुतला. तिसरा हिवरात. किशनरावांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या. गयाबाई मेंढरं वळवत तिथे आल्या आणि काठीवर हनुवटी टेकून बघू लागल्या.

"मामा, काठी लय बारीक हाय तुमची."

"तू गप गं."

दहावा, बारावा. पिशवीतले चेंडू संपले, आम्ही तिघांनी गवतातून शोधून आणले, परत सुरू. किशनराव आता माझ्याशी बोलतच नव्हते. ते धोंड्याशी बोलत होते, झाडाशी बोलत होते. काकूंचा जेवायला बोलवायचा फोन आला तो त्यांनी न उचलता बंद केला. ऊन डोक्यावर आलं. शेवटी एक चेंडू हिवराच्या बाजूने वळला, तीन पावलांच्या वाटेने आत शिरला आणि दस्तीच्या बांबूपाशी थांबला.

किशनराव चालत गेले, वाकून चेंडूकडे पाहिलं, पण उचलला नाही.

"हे असलं," ते म्हणाले, "जावयाच्या बापानं बी पाहिलेलं नसंल."

मग त्यांनी बांबूची दस्ती सोडून घाम पुसला आणि विचारलं, "गया, पुढल्या साली किती वाघरा आणतीस?" त्या म्हणाल्या, मामा, तुमी सांगाल तेवढ्या. फोन लावायचं कुणालाच आठवलं नाही.

पेडगावच्या पुढे

परभणीहून परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. पेडगाव गेलं तेव्हा उन्हं कलली होती. कापलेल्या सोयाबीनच्या एका रानात मला वाघर दिसली, अर्धी लावलेली, एक बाई खुंटी ठोकत होती. तिची वाघर तिच्या रानासारखी होती, गयाबाईंच्या वाघरीसारखी नव्हती. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिले. समोरच्या आजोबांनी विचारलं, "ओळखीच्या हायेत का, ताई?" मी हो म्हटलं. अगदीच खोटं नव्हतं ते.

तेवढ्यात सरांचा फोन. नकाशा त्यांच्याकडे पोचला होता. इतकं खूष मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"कमाल केलीस. ते सहावं ग्रीन म्हणजे तर काय! अगं, मी ते कोकणातल्या गिऱ्हाइकाला दाखवलं. तो म्हणतो, मला हेच पाहिजे. तुझं नाव टाकू त्याच्यावर. सोमवारी आलीस की उचल आणि टाक."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. रात्रभर मी गाडीत स्वतःशीच हसत होते. माझा आकार लोक मागत होते. सोमवारी कचेरीत बसले, सहावं ग्रीन उचललं आणि कोकणातल्या नकाशावर ठेवलं. त्याला चार सेकंद लागले. सुरेख दिसत होतं. कप्पा डाव्या अंगाला, समुद्राच्या बाजूला. तिथे धोंडा नव्हता, तर धोंडा काढला. झाड नव्हतं, तर झाड काढलं. मग तीन पावलांच्या त्या वाटेकडे बघत मी बराच वेळ माउसवर हात ठेवून बसले.

सर मागे येऊन उभे राहिले. "झालं?"

मी तो कप्पा पुसला. मग सगळं ग्रीन पुसलं. पडद्यावर नुसती कोकणातली जमीन उरली.

"अगं, हे काय? चांगलं होतं की ते."

"सर," मी म्हटलं, "ती मेंढी व्याली."